वाघानं दिलेला शब्द

लोणावळ्याच्या ज्या हॉटेलात आबा कामाला होते तिथलं वर्ष पाडव्याला सुरू होत नसे, पाहुण्यांबरोबर सुरू होई. मुंबईला उकडायला लागलं की ट्रंका, आया, कुत्री आणि पिंजऱ्यातले पोपट घेऊन कुटुंबंच्या कुटुंबं गाडीने वर येत. मग सकाळ-संध्याकाळ टेनिसच्या चेंडूचा आवाज, भाड्याच्या घोड्यांच्या टापा आणि चहाची घंटा. पावसाळ्यात निम्म्या खोल्यांना कुलपं पडत, खुर्च्यांवर चादरी येत, आणि जे थोडे हौशी पाहुणे उरत ते छत्र्या घेऊन भुशीकडचं पाणी बघायला जात. त्यांचे चिखलाचे बूट आमच्या चुलीभोवती वाळत असत, त्यामुळे श्रावणभर आमच्या भाकरीला कातड्याचा वास येई. दसऱ्यानंतर पुन्हा गर्दी होई, आणि थंडीत बंदुकवाले येत. आता माझी नातवंडं मुद्दाम भिजायला भुशीला जातात आणि भजी खाऊन परत येतात. आमच्या वेळी भिजायला कुणी कुठे जात नसे. ते घरबसल्या होत असे.

आम्ही हॉटेलच्या मागच्या बाजूला, स्वयंपाकघर आणि घोड्यांचा तबेला यांच्यामधल्या एका खोलीत राहत होतो. पुढे पत्र्याची पडवी होती. आई आणि आबा दोघंही डोंगराकडच्या कोळ्यांची, आंदर मावळातल्या दोन जवळजवळच्या वाड्यांची. आबा लहानपणीच कामासाठी इकडे आले आणि हॉटेलात चौकीदार झाले. पाहुण्यांना डोंगरात फिरवून आणायचं कामही त्यांच्याकडे असे. हॉटेलातून उरलेले पाव आले की आई ते तव्यावर पुन्हा भाजून गुळाच्या पाण्याबरोबर आम्हाला देई. कधी कस्टर्ड येई. आई त्याला शिजवलेला साबण म्हणायची, पण टाकत नसे. ती नाचणीची भाकरी आणि खेकड्याचं कालवण करी तेव्हा हॉटेलचा गोव्याचा खानसामा वाटी घेऊन मागच्या दाराशी येऊन उभा राही. मी बहुतेक पडवीत असे. मी कुणासमोर बोलत नसे. शाळा चौथीपर्यंत झाली, तीही न बोलताच झाली म्हटलं तरी चालेल.

जनावरं वर्षभर असत, पाहुण्यांना मात्र ती दर वेळी नवी वाटत. वानरं टेनिसच्या जाळीवर बसत. जांभळाच्या झाडावर शेकरू असे, त्याची लांब शेपटी खाली लोंबकळताना दिसली की मुंबईची मुलं माना वर करून उभी राहत. भेकर संध्याकाळी कुत्र्यासारखं भुंके आणि बायका दचकत. एकदा एका पाहुण्याचा पांढरा केसाळ कुत्रा व्हरांड्यातून गेला, तेव्हा तो कुणी नेला हे कुणालाच विचारावं लागलं नाही. आमच्याकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात, आणि दिवस मावळल्यावर वाघही म्हणत नाहीत, नुसतं जनावर म्हणतात. आबा पाहुण्यांना या गोष्टी रंगवून सांगत. त्यांना गोष्ट सांगता येत असे आणि थांबवता येत नसे. पुढचं सगळं त्यातूनच झालं.

आईचा एकच भाऊ, भिवामामा, तिच्याहून लहान. वाडीतल्या सगळ्या घरांची गुरं तो चारायला नेई आणि सुगीला घरटी भात मिळे त्यावर राही. लग्न केलं नव्हतं. दिवाळीच्या तोंडावर तो डोंगर उतरून आमच्याकडे येई, पाठीवर नव्या पोह्यांचं गाठोडं आणि हातात मधाचं पोळं, आणि भाऊबीज करून परत जाई. एरवी वर्षभर आई कामापुरतं बोले. मामा आला की तिचा आवाजच निराळा होई. कुणाच्या म्हशीला रेडकू झालं, कुणाचा बांध फुटला, कुणाची सून रुसून गेली, हे सगळं ती त्याच्याकडून खणून काढी आणि दोघं पडवीत बसून हसत. मला तो "मुकी मैना" म्हणे. "आक्के, हिला नवरा बहिरा बघ, म्हंजी जोडी जुळंल," असं दर वर्षी म्हणे.

मामा वाडीचा वाघ होता, हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. दिवाळीच्या आधी वाघबारस येते. त्या दिवशी आमच्या डोंगरात गुराखी शिवेवरच्या वाघोबाच्या दगडापाशी जमतात, घरोघरचं दूध गोळा करून खीर करतात आणि एकाला हळद-काजळीचे पट्टे ओढून वाघ करतात. वाघ गुरांवर चालून येतो, गुराखी त्याला अडवतात आणि तीनदा विचारतात, "येशील का आमच्या शिवेत?" वाघ तीनदा नाही म्हणतो. त्याला दुसरं काही बोलायची मुभाच नसते. मग त्याला पिटाळत शिवेपलीकडे घालवतात. पलीकडच्या पाण्यात तो पट्टे धुतो, आणि ज्याने विचारलं तोच त्याला त्याच्या नावाने हाक मारून खिरीचा पहिला घास देतो. तेव्हा वाघ निघून जातो आणि माणूस परत येतो. नाही म्हणालेला वाघ वर्षभर शिवेत पाय ठेवत नाही, असा सगळ्यांचा विश्वास होता. मामा वाघ झाल्यापासून वाडीचं एक वासरूही गेलं नव्हतं.

हॉटेलात दर दिवाळीला एक जत्रा भरे. इंग्रजीत तिला फॅन्सी फेअर म्हणत, आम्ही नोकरमाणसं धर्माची जत्रा म्हणत असू. हिरवळीवर तंबू, कागदी पताका, पुण्याहून आणलेला बँड, लिंबू-चमच्याची शर्यत, सोडत, मुलांची सोंगं. प्रत्येक गोष्टीला तिकीट, आणि जमेल ते सगळं गावच्या दवाखान्याला. त्या पैशातून दवाखान्यात बायकांसाठी वेगळी खोली बांधायची होती, आणि ती पुढे खरोखर बांधली गेली. माझी स्वतःची बाळंतपणं त्याच खोलीत झाली, त्यामुळे धर्माच्या जत्रेबद्दल मला वाईट बोलता येणार नाही.

हॉटेलची मालकीण पारशीण होती. आम्ही तिला बाईच म्हणत असू. आबांनी कधीतरी तिच्यापुढे वाघबारशीची गोष्ट लावली असणार. त्या वर्षी मामा वाडीतली बारस आटोपून, धुऊन-पुसून माणूस होऊन आमच्याकडे आला होता, आणि दुसऱ्याच दिवशी बाईने आबांना बोलावून सांगितलं की तुझ्या साल्याला जत्रेत वाघ कर. ती मेहुण्याला साला म्हणे आणि घोडा अडला तरी साला म्हणे, त्यामुळे नातं कुठलं आणि शिवी कुठली हे आम्हाला कधी नीट कळलं नाही.

मामा तयार नव्हता. वाघ वर्षातून एकदाच होतात, आणि आपल्या शिवेवर होतात, असं तो म्हणाला. आईलाही ते नको होतं. पण आबा शब्द देऊन बसले होते. शेवटी मामाने अट घातली की व्हायचं तर रीतसर व्हायचं. हिरवळीवर एक चक्कर मारायची, मग फाटकातून नोकरमाणसांनी त्याला पिटाळत वळवण गावाच्या अंगाच्या ओढ्यापर्यंत न्यायचं. तिथे लोणावळ्याची शीव संपते. तिथे आबांनी तीनदा विचारायचं, आणि तो ओढा उतरून पट्टे धुऊन निघाला की आबांनीच हाक मारायची. आईने खीर करून ओढ्यावर थांबायचं. आबांनी सगळं कबूल केलं.

आई दुपारीच खिरीचं पातेलं फडक्यात बांधून ओढ्यावर गेली. मी तंबूच्या मागे उभी होते. मामाला आबांनीच रंगवलं होतं. तो कुठून येणार हे माहीत असूनही तो कर्दळीच्या आडून निघाला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. तो नाचला वगैरे काही नाही. वाघ चालतो तसा चालला, खांदे हलवत, कुणाकडे न बघता, आणि मधेच थांबून त्याने मान वळवली. बँड आपोआप थांबला. एक लहान मूल रडायला लागलं. मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि नोकरमाणसं त्याला पिटाळायला पुढे सरसावणार तेवढ्यात कुणीतरी त्याला हाताला धरून मुलांच्या सोंगांच्या रांगेत नेऊन उभं केलं. रांगेत एक परी होती आणि एक पोस्टमन होता. त्यांच्या मधोमध मामा. परीक्षकांनी त्यालाच पहिलं बक्षीस दिलं आणि त्याच्या छातीवर लाल फीत टोचली. त्याला बोलता येत नव्हतं, म्हणून तो तसाच उभा राहिला.

जत्रेच्या अध्यक्षीणबाई मुंबईच्या होत्या, मोठ्या वकिलांच्या घरातल्या, मराठी. बोलायला गोड. त्या फीत टोचून झाल्यावर हसत म्हणाल्या, "काय वाघोबा, पुढच्या वर्षी येणार ना आमच्याकडे?"

मी तिथून मामाचं तोंड बघत होते. त्याचे डोळे आबांना शोधत होते. आबा गर्दीच्या पलीकडे होते. मामा म्हणाला, "न्हाई."

लोक हसले. अध्यक्षीणबाईंना वाटलं, लाजतो आहे. त्या म्हणाल्या, "असं काय करता? येणार ना?"

"न्हाई."

आता हसणं कमी झालं. अध्यक्षीणबाईंनी त्याच्या खांद्याला हळूच हात लावला. "रागावलात का? बक्षीस दिलंय आम्ही. एकदा हो म्हणा. याल ना?"

मामा तिसऱ्यांदा नाही म्हणाला, तेही एवढ्या मोठ्याने की तबेल्यातले घोडे खिंकाळले. मग तो वळला आणि पळत सुटला. फाटकाकडे गेला नाही. तीनदा नाही म्हटल्यावर वाघाने शिवेत क्षणभरही थांबायचं नसतं, म्हणून जी शीव जवळ तिकडे, हॉटेलच्या मागच्या कुंपणावरून उडी मारून सरळ रानात. लोकांना वाटलं, हाही खेळाचाच भाग. त्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. बाई मात्र लाल झाली होती. पाहुण्यांच्या तोंडावर ना बोलला तुझा साला, असं ती आबांना म्हणाली. या वेळी ती शिवी असावी.

आई दिवेलागणीपर्यंत ओढ्यावर बसून होती. परत आली तेव्हा खिरीवर साय धरली होती. ती आम्ही कुणी खाल्ली नाही, गाईला घातली. मामा रंगलेल्या अंगानेच डोंगर चढून वाडीला गेला होता, हे नंतर कळलं.

भाऊबीजेला तो आला नाही. आईने पाट मांडून ठेवला होता. त्याच्याऐवजी दोन दिवसांनी वाडीतले लुमाजी तात्या बाजाराच्या निमित्ताने आले. वाघोबाच्या दगडाची पूजा त्यांच्या घराकडे होती. ते पडवीत टेकले, पाणी प्यायले, आणि आईने विचारायच्या आधीच म्हणाले, "भिवा आता हितं यायचा न्हाई, पोरी."

आईला वाटलं, तो रागावला. तात्यांनी मान हलवली. "राग कसला? त्यानं सोंग उतरायच्या आदी न्हाई म्हनलं. म्हंजी भिवा न्हाई म्हनला न्हवं, वाघ म्हनला. वाडीच्या शिवेवर त्याला धुतला, हाक मारली, ते झालं. ह्या शिवेचं तसंच ऱ्हायलं."

"मी व्हते की वढ्यावर. खीर घिऊन बसल्यालं."

"तू व्हतीस. पर इचारलं तू न्हाईस. जिनं इचारलं तिनंच हाक मारायची."

आईने विचारलं, "आन तो तसाच आला तर?"

"वाघानं दिल्याला शब्द हाय त्यो. वाघानं मोडला, तर खरं जनावर बी मोडंल. समद्या वाडीची गुरं त्याच्या मागं हाईत." एवढं बोलून तात्यांनी काठी घेतली. जाताना ते म्हणाले की भिवाने पोहे पाठवलेत, पोह्यांना शिवेची अडचण नाही म्हणून आपण घेऊन आलोय. ते गाठोडं त्यांनी पाटावरच ठेवलं.

आज वाचणाऱ्याला हे सगळं वेडगळ वाटेल. माझ्या मुलालाही वाटतं. तो म्हणतो, मामाने यायचं होतं सरळ, कोण बघत होतं. मी त्याच्याशी वाद घालत नाही. मामाच्या मागे दुसऱ्यांची गुरं होती, एवढंच मला माहीत आहे.

आबांनी आपली चूक भरून काढायचा प्रयत्न केला. पुढच्या उन्हाळ्यात अध्यक्षीणबाई पुन्हा हॉटेलात आल्या, तेव्हा आबांनी धीर करून सगळी हकीकत बाईच्या कानावर घातली. बाई आधी हसली. मग तिने अध्यक्षीणबाईंना सांगितलं, आणि त्यांना खरंच वाईट वाटलं. त्यांनी आईला बोलावून घेतलं. आई माझा हात धरून गेली, कारण तिला शहरातलं बोलणं नीट कळत नसे आणि तिचं बोलणं त्यांना कळत नसे. आम्ही व्हरांड्याच्या पायरीशी उभ्या राहिलो. अध्यक्षीणबाई म्हणाल्या की हाक मारायला, खीर भरवायला त्या एका पायावर तयार आहेत. आईने त्यांच्या पायाला हात लावला. मग बाई उत्साहाने सांगू लागली की दिवाळीच्या जत्रेत हा खास कार्यक्रम ठेवू. हिरवळीच्या कडेला चर खणून पाणी सोडू, तोच ओढा. वाघ पलीकडून येईल, अध्यक्षीणबाई चांदीच्या चमच्याने खीर भरवतील. वेगळं तिकीट लावू. दवाखान्याच्या खोलीचं छप्पर एवढ्यावर होईल.

आईने माझ्याकडे बघितलं. मी तिला हळू आवाजात सांगितलं. तिने मला जे सांगितलं ते मला त्या दोघींपुढे बोलायचं होतं. माझ्या तोंडातून आधी आवाज निघेना. मग मी म्हणाले, "आई म्हणते, जत्रेत नको. तुम्ही एक दिवस ओढ्यावर चला. ती मामाला पलीकडे बोलावून घेईल."

अध्यक्षीणबाईंनी बाईकडे बघितलं. त्या म्हणाल्या की ओढा तसा लांब आहे, वाट दगडांची आहे, आणि गुडघे हल्ली साथ देत नाहीत. शिवाय इथे केलं तर काय बिघडलं? त्यात तुमच्या भावाचंही काम होईल आणि चार आजारी बायकांचंही भलं होईल. हे त्या मनापासून बोलत होत्या. त्यांच्या बोलण्यात लबाडी नव्हती, हे मला तेव्हाही कळत होतं.

आईने हे ऐकून घेतलं. मग ती मला म्हणाली, "त्येंना सांग, माजा भाऊ पुन्यांदा जत्रंत न्हाई मांडायचा."

हे वाक्य शहरातल्या बोलण्यात कसं सांगायचं ते मला सुचलं नाही. मी म्हणाले, "आई नको म्हणते."

"पण का?" बाईने विचारलं. आई आधीच पायऱ्या उतरली होती.

आबा त्यावरून पुष्कळ दिवस धुसफुसत होते. एक तिकीट लागलं असतं तर काय झालं असतं, भाऊ घरी आला असता, असं ते म्हणत. दिवाळीत भाऊबीजेला ती सकाळी उठली, पाटाऐवजी तांब्या-ताट फडक्यात बांधलं आणि मला म्हणाली, चल. ओढ्यावर मामा पलीकडच्या काठाला बसलेला होता. तात्यांकरवी आधीच निरोप गेला असावा. आईने साडी वर खोचली आणि पाण्यातून पलीकडे गेली. तिने शब्द दिलेला नव्हता, तिला जायला मोकळीक होती. तिने त्याला खडकावर बसवलं. वाऱ्याने निरांजन विझलं, ते मी आईचा पदर आडोशाला धरून पुन्हा लावलं, आणि तिने ओवाळलं. मग दोघं वाडीच्या गोष्टी बोलत बसली. फक्त हसताना ती आता तोंडाला पदर लावी, वाट येण्या-जाण्याची होती म्हणून.

तसं पुढे कितीतरी वर्षं चाललं. माझ्या लग्नाचा मांडव लोणावळ्यात होता, त्यामुळे मामा अक्षता टाकायला आला नाही. सासरी जाताना माझी बैलगाडी ओढ्यावरून गेली तेव्हा तो पलीकडे उभा होता. त्याने माझ्या हातात एक हिरवी चोळी दिली आणि बैलांच्या कपाळावर हात फिरवला. नवरा बहिरा नव्हता, त्याबद्दल त्याने खेद व्यक्त केला.

त्या भेटींमधली एक गोष्ट मात्र मला सहन होत नसे. आपल्यात निघताना कुणी जातो म्हणत नाही, येतो म्हणतात. मामाला तसं म्हणता येत नव्हतं. येतो म्हटलं की शब्द मोडला. म्हणून तो उठायचा, घोंगडी खांद्यावर टाकायचा आणि म्हणायचा, "जातो, आक्के." प्रत्येक वेळी आईचा चेहरा दुखल्यासारखा व्हायचा. ती घाईघाईने म्हणायची, "मी येते." आणि आम्ही पाणी उतरून परत यायचो.

आई गेली त्या वर्षी मी माहेरपणाला आलेली होते. ती आजारी पडल्यापासून मामा ओढ्यापलीकडे येऊन राहिला होता. आबा रोज त्याला भाकरी आणि खबर पोचवत. त्यांनी त्याला एकदा विचारलंही, आता तरी येतोस का. तो आला नाही. गुरं कुणाकडे सोपवून आला होता ते मला माहीत नाही.

लोणावळ्याच्या त्या अंगाचं मसण ओढ्याच्या पलीकडे आहे. बायकांनी तिथे जायची रीत नव्हती, म्हणून मी पडवीपर्यंतच गेले. पुढचं आबांनी सांगितलं. तिरडी ओढा उतरून पलीकडे गेली तेव्हा मामाने पुढे होऊन खांदा दिला. सगळं उरकलं. माणसं परतायला लागली, आबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो चितेकडे तोंड करून उभा राहिला, आणि मग, आबा म्हणाले, अगदी साध्या आवाजात, गावाला निघाल्यासारखा म्हणाला, "येतो, आक्के."